मयताची घंटा : ठाण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उथळसर, चरई, जांभळी नाका, चेंदणी या जुन्या भागांत नव्याने राहायला आलेले शेजारी आणि आमच्याच समाजातली बाहेरगावी वाढलेली मुलं, दोघांकडूनही चर्चच्या मयताच्या घंटेबद्दल हे प्रश्न सारखे येत असतात. मी ठाण्यातला मराठी बोलणारा ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे पोर्तुगीज काळापासून इथेच असलेल्या ख्रिस्ती समाजातला. चर्चमध्ये गरज पडेल तेव्हा घंटेची दोरी धरणाऱ्यांपैकी एक. म्हणून लोक मला विचारतात. उत्तरं कॅथलिक रीतीपुरती आहेत. ठोके किती आणि वेळ कोणती, हे प्रत्येक चर्चमध्ये थोडं वेगळं असतं, तेव्हा त्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या फादरांचा.

१. आज सकाळी चर्चची घंटा थांबत थांबत वाजत होती. कोणी वारलं का?

बहुतेक हो. चर्चच्या घंटेचं वाजणं मुख्यतः तीन तऱ्हांचं असतं. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची घंटा भरभर, सलग वाजते. आंजेलसची, म्हणजे मरियामातेच्या रोजच्या प्रार्थनेची घंटा पहाटे, दुपारी बाराला आणि संध्याकाळी ठरल्या वेळी होते: तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि मग सलग काही. मयताच्या घंटेला मात्र घाई नसते. एक ठोका पडतो, त्याचा नाद पार विरतो आणि मग दुसरा पडतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तुम्हाला रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायला लागले, तर ती मयताची घंटा समजा.

नवीन माणसाचा घोटाळा होतो तो आंजेलसच्या तीन-तीन ठोक्यांमुळे. घड्याळ बघा. बाराला वाजली असेल तर काळजीचं कारण नाही.

२. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आलेली असते. मग घंटा कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक आमचेच तरुण असतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुळात ही घंटा बातमी देण्यासाठी नव्हतीच. युरोपात कित्येक शतकं ती माणूस जाण्याआधी वाजायची, तो शेवटच्या घटका मोजत असताना. एक जीव निघालाय, त्याला एकट्याने जाऊ देऊ नका, जिथे असाल तिथून त्याच्यासाठी प्रार्थना करा, असा तिचा अर्थ. इंग्लंडच्या चर्चने १६०४ साली केलेल्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे: कोणी मरणाच्या वाटेवर असेल तेव्हा घंटा वाजवावी आणि पाद्रीने त्या वेळी आपल्या शेवटच्या कर्तव्यात ढिलाई करू नये. मृत्यूनंतर एकदा, दफनाआधी एकदा आणि दफनानंतर एकदा, तेही थोडकंच, असं त्यात पुढे येतं. पुढे आधीची घंटा मागे पडली आणि नंतरची राहिली. आपल्याकडे आज वाजते ती नंतरची. पण मागणं तेच आहे: प्रार्थना करा.

व्हॉट्सअ‍ॅपवरची बातमी प्रत्येकाला आपापल्या सवडीने कळते. कोणी लोकलमध्ये वाचतो, कोणी रात्री झोपताना, दोन हात जोडलेले चिकटवतो आणि पुढच्या मेसेजवर जातो. घंटा सगळ्यांना एकाच क्षणी गाठते. चक्कीवाला, शाळेतून पोराला आणणारी आई, रिक्षाच्या रांगेतला माणूस, अंथरुणाला खिळलेली आजी. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनाही. गेलेल्या माणसाचं नाव ज्यांना ठाऊक नाही, अशा लोकांनीही त्याच्यासाठी दोन क्षण थांबावं, ही मला या रीतीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. ग्रुपमध्ये नसलेल्या माणसालाही ती सामील करून घेते. म्हणून मेसेज आला तरी घंटा वाजलीच पाहिजे, या मताचा मी आहे.

३. घंटा ऐकल्यावर काय करायचं असतं? आम्ही हिंदू आहोत.

तुमच्यावर कसलंच बंधन नाही. आमच्या घरांत वडीलधारी माणसं उठून उभी राहतात, क्रुसाची खूण करतात आणि चिरशांतीची छोटी प्रार्थना म्हणतात. कोणी टीव्हीचा आवाज कमी करतं. तुम्ही हातातलं काम क्षणभर थांबवलंत, तरी घरच्यांना ते पोचतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी विकणारी एक कोळीण आजी आहे. घंटा सुरू झाली की ती कोयता फळीवर आडवा ठेवते, ओले हात पदराला पुसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारते, "कोन गेलं रं?" नाव कळलं की "बरी मानूस व्हती" एवढं म्हणते. माणूस ओळखीचं असो वा नसो. गिऱ्हाईक समोर ताटकळत असतं, पण ठोके संपेपर्यंत सुरमईचा तुकडा पडत नाही. तिला हे कोणी शिकवलेलं नाही. चर्चच्या सावलीत वाढलेल्या सगळ्यांचीच ती सवय होती. नव्या शेजाऱ्यांनी उचलली तर आम्हाला आनंदच आहे.

४. ठोके मोजून पुरुष गेला की बाई, हे कळतं म्हणतात. खरं का?

रीत खरी आहे, पण सगळीकडे सारखी नाही. तेराव्या शतकात ड्युरँडस नावाच्या फ्रेंच बिशपने चर्चच्या विधींवर ग्रंथ लिहिला. त्यात पुरुषासाठी तीनदा, बाईसाठी दोनदा घंटा वाजवावी आणि धर्मगुरू असेल तर त्याने जितक्या दीक्षा घेतल्या तितक्या वेळा, असं सांगितलं आहे. पोर्तुगालच्या खेड्यांत पुरुषाला तीन आणि बाईला दोन हीच रीत अनेक ठिकाणी चालत आली. इंग्लंडमध्ये हिशेब वेगळा: पुरुषाला तीन-तीनचे तीन गट, म्हणजे नऊ, बाईला सहा आणि मुलाला तीन. त्यानंतर थोडं थांबून वयाइतके ठोके द्यायचे.

आपल्याकडे काही चर्चमध्ये स्त्री-पुरुष भेद पाळतात, काही ठिकाणी सगळ्यांना एकसारखे ठोके असतात. मला स्वतःला एकसारखे आवडतात. मेल्यावर तरी मोजमाप नको. पण हे माझं मत, नियम नव्हे. तुम्हाला कळकळीची विनंती: ठोक्यांवरून अंदाज बांधून कोणाच्या घरी फोन करू नका. आजारी माणूस असलेल्या घरात असा फोन गेला तर काय होतं, ते मी पाहिलं आहे. चौकशी चर्चच्या ऑफिसात करा.

५. वयाइतके ठोके आजही कुठे वाजतात का?

वाजतात. राणी एलिझाबेथ यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, १९ सप्टेंबर २०२२ रोजी, लंडनची बिग बेन दर मिनिटाला एक याप्रमाणे ९६ वेळा वाजली. त्या ९६ वर्षांच्या होत्या. ठाण्यात हे करायला कोणाला सवड नसते, आणि नव्वदीतल्या आजोबांसाठी दोरी ओढणाऱ्याचेही हाल होतील.

६. हीच घंटा लग्नातही वाजते, तेव्हा छान वाटते. मयताला एवढी उदास का वाटते?

संगीत शिकणाऱ्या एका मुलीने हे विचारलं होतं, आणि उत्तर खरोखर संगीतातच आहे.

तंबोऱ्याची तार छेडली की षड्जाच्या पोटात गंधार ऐकू येतो, हे गाणाऱ्यांना ठाऊक आहे. तो शुद्ध गंधार असतो. चर्चच्या घंटेचा आकार वेगळा असल्यामुळे तिच्या एका ठोक्यात निघणारे स्वर तारेसारखे येत नाहीत. खाली एक खर्जातली घुमणारी आस असते, तिच्या वर मूळ स्वर, त्यावर पंचम, वरचा षड्ज आणि या सगळ्यांत ठळक असा कोमल गंधार. शुद्ध नव्हे, कोमल. म्हणजे एकाच घंटेच्या एकाच ठोक्यात करुण रंग आधीच भरलेला असतो.

मग लग्नात तो का जाणवत नाही? कारण तेव्हा ठोके भराभर पडतात. प्रत्येक ठोक्याच्या पहिल्या क्षणी वरचे चमकदार स्वर निघतात आणि ते विरायच्या आत दुसरा ठोका येतो, त्यामुळे कानावर सारखी चमकच राहते. सावकाश वाजवलं की वरचे स्वर लवकर मावळतात आणि कोमल गंधार व खर्जाची आस मागे रेंगाळतात. उदास वाटतं ते त्या रेंगाळण्याने. घंटेचा धातू म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. हे मिश्रण कडक आणि ठिसूळ असतं, आणि कडक असल्यामुळेच नाद एवढा टिकतो.

७. घंटा वाजवतं कोण आणि कशी?

सॅक्रिस्टन, म्हणजे चर्चची देखभाल करणारे सेवक, वाजवतात, ते नसतील तर ऑफिसातलं कोणी किंवा आमच्यासारखे. काही चर्चमध्ये आता बटण दाबलं की मोटरवर चालणारा हातोडा घंटेवर पडतो. जुन्या मनोऱ्यांत दोरी असते.

दोरीवर मयताची घंटा वाजवणं मिस्साच्या घंटेपेक्षा अवघड. मिस्साला घंटा झोक्यात आली की ती आपली आपण चालते, तुम्ही फक्त साथ द्यायची. मयताला एकच ठोका पाहिजे असतो आणि लोलक परत येऊन दुसऱ्या कडेला हलकासा लागला तर तो चोरटा ठोका खाली सगळ्यांना ऐकू जातो. म्हणून ओढल्याबरोबर दोरी ताणून धरायची आणि हळूहळू सैल सोडायची. दोरी जिथे धरायची तिथे वर्षानुवर्षांच्या घामाने काथ्या काळा आणि गुळगुळीत झालेला असतो. मध्ये किती थांबायचं, याला मी घड्याळ लावत नाही. मनात एक 'नमो मरिये', ही मरियामातेची छोटी प्रार्थना, सावकाश पूर्ण म्हणायची, मग पुढचा ठोका. अंतर आपोआप सारखं पडतं, आणि वाजवणाऱ्याचीही प्रार्थना होते.

उत्साही मुलांना एक सूचना. सोपं पडतं म्हणून थेट लोलकाला दोरी बांधून घंटेवर आदळू नका. लोलक घंटेला टेकलेला राहतो, कंप अडतो आणि धातूला तडा जातो. तडकलेली घंटा सहसा वितळवून नव्याने ओतावी लागते.

इंग्लंडमध्ये शोकाच्या वेळी लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात. एक ठोका मोकळा पडतो आणि दुसरा त्याच्या पडसादासारखा दबका येतो. आपल्याकडे ही तऱ्हा मी पाहिलेली नाही.

८. घरात मृत्यू झाला आहे. घंटेसाठी कोणाला आणि कधी सांगायचं?

आधी डॉक्टर. मृत्यू घरी झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये मिळतो, रुग्णालयात झाला असेल तर नमुना ४ मध्ये. तो हातात येईपर्यंत चर्चला तोंडी कळवायला हरकत नाही, पण दफनाची वेळ दाखल्याशिवाय पक्की करता येत नाही.

मग चर्चच्या ऑफिसात फोन करा किंवा घरातल्या एका शांत माणसाला पाठवा. पूर्ण नाव, वय, पत्ता, कोणाचे कोण आणि घरी संपर्कासाठी कोण, एवढं कागदावर लिहून द्या. पाच जणांनी पाच फोन केले की वेळांचा गोंधळ होतो. घंटा साधारणपणे कळवल्यानंतर लगेच एकदा आणि शव चर्चमध्ये येताना किंवा दफनभूमीकडे निघताना पुन्हा वाजते. परदेशातल्या मुलाची वाट बघायची असेल तर ते आधीच सांगा. घंटा आज आणि दफन परवा, असंही चालतं.

मृत्यूची नोंद महापालिकेत २१ दिवसांच्या आत करावी लागते. चर्चच्या वहीतली नोंद वेगळी, पालिकेची वेगळी. घंटा वाजली, फादर आले, सगळं पार पडलं आणि पालिकेतली नोंद राहून गेली, अशी घरं माझ्या माहितीत आहेत. पुढे बँकेत आणि वारसाच्या कामात ते फार जड जातं.

९. मृत्यू रात्री दोन वाजता झाला तर?

घंटा सकाळी. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शांततेची धरली आहे. तसंही मध्यरात्री घंटा वाजली तर आग लागली की काय म्हणून लोक खाली धावतील. फादरांना मात्र कोणत्याही वेळी उठवा. आजारी माणसाचा अभिषेक, म्हणजे तेल लावून करायचा संस्कार, सकाळपर्यंत थांबत नाही.

दिवसाच्या घंटेबद्दल कधी नव्या सोसायटीतून तक्रार येते. बहुतेक वेळा लहान बाळ झोपलेलं असतं किंवा कोणाची परीक्षा असते. ऑफिसात येऊन बोला. ठोके थोडे कमी करता येतात, वेळ मागेपुढे करता येते. प्रश्न २ चं उत्तर वाचून अनेकांचा राग निवळला, हाही अनुभव आहे.

१०. घंटेचे पैसे द्यावे लागतात का?

दफनविधीची देणगी आणि दफनभूमीचे आकार चर्चच्या ऑफिसात कळतील. पण गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये, हे चर्चच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. पैसे नसतील तर संकोच न करता फादरांना सांगा.

११. ही रीत ठाण्यात आली कुठून?

पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. तसा ठाण्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध त्याहून जुना आहे. १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे चार संन्यासी ठाण्यात मारले गेले, ही नोंद युरोपातल्या प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. पण मनोरे, घंटा आणि चर्चभोवतीचं गावठाण हे सगळं पोर्तुगीज काळातलं. ठाणं १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलं आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. राज्यं बदलली, इथले ख्रिस्ती शेतकरी आणि कारागीर आपल्या जागी राहिले. त्यांची भाषा मराठीच होती आणि आहे. 'ईस्ट इंडियन' हे नाव आम्ही १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं, मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या इतर ख्रिस्ती लोकांपासून वेगळी ओळख राहावी म्हणून. घंटा त्या नावापेक्षा खूप जुनी.

१२. चिमाजी अप्पांनी वसईहून नेलेल्या घंटा मयताच्या होत्या का?

मयताची म्हणून वेगळी घंटा सहसा नसते. मिस्सा, लग्न, आग, वादळ आणि मरण, सगळ्याला तीच. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या १४८६ सालच्या घंटेवर लॅटिनमध्ये कोरलं आहे: मी जिवंतांना हाक मारते, मेलेल्यांसाठी शोक करते, विजांना मोडते. तेव्हा वसईच्या घंटांनीही वसईकरांची मरणं सांगितली असणारच.

१७३९ मध्ये वसईचा किल्ला पडल्यावर त्या परिसरातल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे, तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ साल आहे. मेणवलीला गेलात तर घाटावर उतरून ती मूर्ती जवळून बघा. मी गेलो तेव्हा तिथल्या एका काकूंनी तिला हळदीकुंकू वाहिलेलं होतं, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ज्या घंटेने कधी मयत सांगितलं, ती आता रोज देवाला जागवते.

१३. आमच्या देवळातही घंटा असते. मग आमच्यात ती मृत्यूला का वाजवत नाहीत?

पूजेच्या सुरुवातीला घंटा वाजवताना म्हणतात तो श्लोक आठवा: 'आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्'. देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून घंटा. ती देवाला उद्देशून आहे, गावाला नाही. उलट अनेक गावांत मयत असलं की ते उचलेपर्यंत देवळात पूजा आणि नैवेद्य थांबतो, घंटा मुकी राहते. सुतकातलं माणूस तर देवळात जातच नाही. म्हणजे एकीकडे घंटा वाजणं हा मृत्यूचा निरोप आणि दुसरीकडे न वाजणं. सकाळची आरती झाली नाही म्हणजे गावात काहीतरी झालं, हे जुन्या माणसांना न सांगता कळायचं.

इतर शेजाऱ्यांपैकी मुसलमान वस्तीत मशिदीतून जनाजाची वेळ सांगतात. चौकातला काळा फळा किंवा 'दुःखद निधन'चा फलक सगळ्यांचाच.

१४. साथीच्या काळात घंटा बंद करतात, असं वाचलं. का?

लोकांचा धीर सुटू नये म्हणून. १७९३ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा दिवसभर घंटा वाजत राहायच्या, आणि खाटेवरचा रोगी ऐकून आणखी खचायचा. तिथल्या डॉक्टरांनीच त्या थांबवायला सांगितलं. ब्रिटनमध्ये १९४० ते १९४३ या युद्धकाळात चर्चच्या घंटांवर बंदी होती, पण त्याचं कारण दुसरं. शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या, असं ठरलं होतं.

आपल्याकडे २०२० आणि २०२१ मध्ये माणसं रुग्णालयातून परस्पर नेली गेली. घरच्यांनाही शेवटचं बघायला मिळालं नाही. अशा घरांपैकी कोणी आजही आमच्याकडे येऊन म्हणतं, "बाबांसाठी घंटा वाजली नव्हती." त्यांना मी सांगतो, वर्षाची मिस्सा लावा आणि फादरांना विचारून त्या दिवशी घंटा वाजवून घ्या. उशीर झाला म्हणून प्रार्थना बाद होत नाही. २ नोव्हेंबर, म्हणजे सर्व मृतांचा दिवस, हाही त्यासाठी योग्य.

१५. गुड फ्रायडेला कोणी वारलं तर?

घंटा वाजत नाही. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सात 'ग्लोरिया' हे देवाच्या गौरवाचं स्तोत्र गाताना घंटा वाजतात आणि मग थेट ईस्टरच्या रात्रीच्या 'ग्लोरिया'पर्यंत मुक्या राहतात. मधल्या काळात जिथे घंटेची गरज पडेल तिथे लाकडी खटखटा वापरतात. मृत्यू झाला म्हणून यात सूट नाही.

याच दिवसांत मयताची मिस्साही होत नाही. आगमनकाळ (ख्रिसमसआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा) आणि ईस्टरकाळातल्या रविवारी आणि ख्रिसमससारख्या सक्तीच्या सणांनाही होत नाही. दफन मात्र होतं. वचनांचं वाचन, प्रार्थना आणि आशीर्वाद, सगळं होतं, फक्त मिस्सा नंतरच्या दिवशी ठेवतात. घंटा नाही वाजली म्हणजे आपलं माणूस उणं पडलं, असं कृपा करून मनात आणू नका. त्या दिवशी येशूच्या मरणासाठीही घंटा वाजत नाही.

१६. आत्महत्या केलेल्या माणसासाठी घंटा वाजते का?

वाजते. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात, समजून उमजून आत्महत्या करणाऱ्यांना ख्रिस्ती दफन नाकारलं जायचं. १९८३ च्या कायद्यातून ती गोष्ट काढून टाकली. तरीही जुन्या समजुतीने घरचे लोक गप्प राहतात, गुपचूप विधी उरकू पाहतात. तसं करू नका. फादरांना खरं सांगा. या घराला शेजाऱ्यांची सगळ्यात जास्त गरज असते, आणि घंटा त्यांना दारापर्यंत आणते. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनामुळे दफनाला उशीर होऊ शकतो, वेळेसाठी प्रश्न ८ पाहा.

१७. दफन न करता अग्नी द्यायचा असेल, किंवा देहदान केलं असेल तर?

दोन्हींत घंटा आणि मिस्सा होते. १९६३ पासून कॅथलिकांना अग्निसंस्काराची मुभा आहे. अस्थी मात्र पवित्र जागी ठेवाव्यात, विखरू नयेत, अशी व्हॅटिकनची २०१६ ची सूचना आहे. खाडीत किंवा नाशिकला नेऊन विसर्जन करायचा विचार असेल तर आधी फादरांशी बोला. देहदानात शव लगेच न्यावं लागतं, म्हणून घंटा तेव्हा आणि मिस्सा सवडीने.

१८. बाप्तिस्मा व्हायच्या आत बाळ गेलं. घंटा वाजवतील का?

आईवडिलांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती, तर बिशपांच्या परवानगीने ख्रिस्ती अंत्यविधी होऊ शकतो. बाप्तिस्म्याची तयारी करत असलेला मोठा माणूस गेला तर त्याला चर्च आपल्यातलाच धरतं. विधी ज्याचा होतो त्याच्यासाठी घंटा मागायला संकोच नको.

१९. नवरा हिंदू होता, मी कॅथलिक. त्यांच्यासाठी घंटा मागू शकते का?

मागू शकता. त्यांचा अंत्यसंस्कार त्यांच्या रीतीने होईल, ते योग्यच. त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा लावता येते, आणि घंटेचा निर्णय फादर घेतात. सासरच्यांना आधी विश्वासात घ्या. त्या दिवशी त्यांना अचानक चर्चची घंटा ऐकू आली आणि त्यातून बोलाचाली झाली, तर त्रास तुम्हालाच होईल.

२०. आई कॅनडात वारली, दफनही तिथेच. इथे घंटा वाजवून काय उपयोग?

तिचं अर्धं आयुष्य ज्या गल्लीत गेलं, तिथे तिच्यासाठी थांबणारी माणसं अजून आहेत. इतकं कारण पुरेसं आहे. ऑफिसात नाव आणि वय कळवा. तिथल्या दफनाची वेळ आपल्याकडे मध्यरात्री येत असेल तर इथली घंटा सकाळच्या मिस्साआधी ठेवता येते.

२१. आम्ही आता घोडबंदर रोडला राहतो. तिथे घंटा ऐकू येत नाही. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं तर चालेल का?

चालेल, काही गोष्टी सांभाळून. खरी घंटा वाजून झाल्यावरच टाका, आधी नाही. जवळच्या सगळ्या नातेवाइकांना कळलंय ना, हे घरच्यांकडून खात्री करून घ्या. एखाद्या मुलीला आपला बाप गेल्याचं ग्रुपवरच्या ऑडिओतून कळू नये. जुनं रेकॉर्डिंग पुन्हा वापरू नका, त्या दिवसाचंच टाका. खाली नाव, मिस्सा आणि दफनाची वेळ लिहा, घराचा पूर्ण पत्ता लिहू नका. आणि त्या मेसेजखाली दिवसभर 'गुड मॉर्निंग' आणि सेलच्या जाहिराती येऊ नयेत, एवढं अ‍ॅडमिनने बघावं.